हिच्या भावाची फुकटची दुरुस्ती

जगातल्या कुठल्या अनोळखी माणसाचं काय अडलंय याची चिंता ज्याला स्वतःच्या जेवणापेक्षा जास्त, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्याच बायकोचा धाकटा भाऊ निघाला. ही गेली त्या दिवशी सकाळीसुद्धा आम्ही नवरा-बायको त्यालाच शिव्या देत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. हिच्या भजनी मंडळातल्या बायकांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ही घरच्या कंप्युटरवर भजनं टाइप करून मोठ्या अक्षरात छापून द्यायची. दिसत तर हिलाही नव्हतं. रोज सकाळी उघडलं की पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी, आणि ती मोठी करायची तर दोन बटणं एकदम दाबायची. संधिवातानं हिची बोटं वाकडी झालेली, दोन एकदम जमायची नाहीत. म्हणून ही एक बटण धरून ठेवायची आणि मी दुसरं दाबायचो. "अहो, हळू! चक्की नाही ती," हे हिचं रोजचं. त्या दिवशी मी जरा जास्तच दाबलं आणि अख्ख्या पडद्यावर एकच 'रा' मावला. ही खूप हसली आणि मग चिडली, माझ्यावर नाही, भावावर. "येऊ दे आज त्याला. रोज उठून मोठं करा, रोज उठून मोठं करा, आणि हा म्हणे दुनियेचं सुधारतो!" दुपारी ती जेवून जरा पडली, ती उठली नाही.

तर हा काय सुधारतो ते सांगतो, मला समजलं तेवढं. मी सातवीपर्यंत शिकलो आणि पुढे जन्मभर पिठाची चक्की चालवली, तेव्हा चुकलं तर चालवून घ्या. कंप्युटरवर लिहायला जे लागतं त्याला एडिटर म्हणतात. कोरी पाटी समजा. लिहा, खोडा, ठेवून द्या. हा जो एडिटर आहे तो कुठल्या कंपनीचा नाही. कोणीही फुकट घ्या, आणि बिघडला तर कोणीही उघडून नीट करा, तेही फुकट. देशोदेशीची डोकी या कामाला लागलेली आहेत, आणि उज्जैनातून आमचा हा. बँकेत कंप्युटर सांभाळायचा, रिटायर झाला, लग्न केलं नाही. माधव नगरात एका खोलीत राहतो आणि सकाळी दात घासायच्या आधी लोकांच्या तक्रारी वाचायला बसतो. मी एकदा म्हटलं, "अरे, पगार नाही, मान नाही, ही फालतू मगजमारी कशाला?" तर हीच मध्ये पडली, "पाणपोईवर बसणाऱ्याला कोणी पगार विचारतं का हो?" भावाचा विषय निघाला की हिच्यात वकील शिरायचा.

हा रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचा, आणि एडिटरची नवी आवृत्ती निघाली की त्यात काय काय सुधारलं ते वाचून दाखवायचा. ही तांदूळ निवडता निवडता, व्रताच्या कहाणीला द्यावा तसा हुंकार द्यायची. "शेवटच्या ओळीवर गेलं की पडदा थरथरायचा, तो आता थरथरत नाही." "हं." "फाइलचं नाव लांब असलं तर अर्धंच दिसायचं, आता पूर्ण दिसतं." "हं, बरं झालं बाई." मी विचारलं, पडदा थरथरत कोणाचा होता? म्हणाला, फिनलंडमध्ये एक जण आहे. "एकाच माणसाचा?" "भाऊजी, सांगितलं एकानं. न सांगता सोसणारे किती असतील!" आता या माणसाशी काय बोलणार? माझ्या चक्कीचा पट्टा तुटला की मी पट्टा बदलायचो. दुनियेतल्या न तुटलेल्या पट्ट्यांसाठी गळा नाही काढायचो.

बरं, तक्रार कशी सांगावी याचाही यांच्यात कायदा आहे. तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय ही मंडळी पुढे सरकत नाहीत. तिकडेच ठेवलं असतं तर ठीक, पण हा घरातही तेच करायचा. एकदा स्वयंपाकघरातला नळ उडाला. पाणी भिंतीवर, मी दोन्ही हातांनी फडकं दाबून ओरडतोय, "अरे, प्लंबरला फोन लाव!" आणि हा दारात उभा राहून शांतपणे विचारतो, "भाऊजी, तुम्ही फिरवल्यावर उडाला की आपोआप?" वरण खारट झालं तर हिला म्हणायचा, "ताई, उद्या फक्त मीठ कमी कर, बाकी काही बदलू नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही." फार वर्षांपूर्वी आम्ही त्याला इंदूरला मुलगी बघायला धाडलं. त्यांच्याकडे नवा कंप्युटर आलेला आणि तो सुरूच होईना. हा पोहे टाकून टेबलाखाली शिरला. परत आला तेव्हा हिनं मोठ्या आशेनं विचारलं, "कशी वाटली?" म्हणाला, "वायर ढिली होती, ताई." त्या लोकांनी आभार म्हणून मिठाईचा डबा पाठवला आणि मुलगी दुसरीकडे दिली.

पण सगळ्यात डोकं फिरवणारं त्याचं बोलणं म्हणजे, "हा बिघाड नाही, हे तसंच ठरवलेलं आहे." अक्षरांबद्दल हिनं त्याला किती वेळा सांगितलं असेल. दर वेळी हेच. "ताई, उघडताना सगळ्यांना सारखंच दिसायला हवं, असं ठरलंय." "ठरवलं कोणी?" "आम्हीच. सगळ्यांनी मिळून." "मग त्या सगळ्यांत माझ्यासारखी म्हातारी एकही नव्हती वाटतं." तो डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, बघतो. फिनलंडवाल्याचा पडदा थरथरायचा थांबला, आणि सख्ख्या बहिणीची अक्षरं मुंगीएवढी ती मुंगीएवढीच.

दहाव्याला राम घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. एरवी तिथले कावळे माणसाच्या हातातला पेढा नेतात. त्या दिवशी एक जण समोरच्या कठड्यावर बसून आरामात पंख साफ करत होता. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्या पुतण्यानं हात जोडले, "काकू, काकांना आम्ही बघू." कावळा हलला नाही. मंडळाच्या बायकांनी सांगितलं, भजन बंद पडू देणार नाही. नाही. मी म्हटलं, "गोळ्या वेळेवर घेत जाईन." तरी नाही. तिला ते खरं वाटलं नसणार. तेवढ्यात आमच्या यानं गुरुजींना विचारलं, "गुरुजी, एरवी काय केल्यावर येतो? आज त्यात काय वेगळं केलं आपण?" गुरुजी वैतागून हिंदीवर आले, "भैया, ये कोई मशीन है क्या?" ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेही शास्त्रात चालतं. सगळे उठले. हा पायरीवर बसूनच. "भाऊजी, हा नुसता वळसा झाला. मूळ अडचण तशीच आहे. तिचं काहीतरी राहिलंय." मग पाण्याकडे बघत म्हणाला, "आणि काय राहिलंय ते मला माहीत आहे."

त्यानंतर त्याचं येणं बंद झालं. रोज संध्याकाळी चहाला येणारा माणूस. यायचा तेव्हा वैताग यायचा, आता न येण्याचा त्याहून जास्त यायला लागला. मला साफ बोलायची सवय आहे, तेव्हा साफच सांगतो. तो बहिणीकडे यायचा, माझ्याकडे नाही. आता बहीण नाही म्हटल्यावर माझ्या दारात त्यानं कशाला पाय ठेवावा? आणि हिला 'ताई' म्हणणारं माणूस तेवढं एकच उरलं होतं. ते निसटलं की या घरात तिचं नाव मी एकटाच घेणार, तेही भिंतीसमोर. फोन केला तर म्हणायचा, "काम चालू आहे, भाऊजी." शेवटी ऑटो करून माधव नगरला गेलो. दाढी वाढलेली, टेबलावर वाळून खडखडीत झालेले पोहे, आणि हा हिची अक्षरं दुरुस्त करत बसलेला. म्हणजे एडिटर बंद करून परत उघडला तरी अक्षरं आपण ठेवली त्याच मापाची राहावीत, एवढंच. पण ते ठरवून तसं केलेलं असल्यानं देशोदेशीच्या मंडळींशी त्याचं भांडण जुंपलं होतं. त्यांनी विचारलं होतं, हे नक्की हवंय कोणाला? "मग तू काय लिहिलंस?" मी विचारलं. "लिहिलं, माझ्या थोरल्या बहिणीला हवंय." पोहे फेकले, खाली जाऊन कचोऱ्या आणल्या आणि तो खाईपर्यंत समोरून उठलो नाही.

मग एका संध्याकाळी तो आला. चपला काढायच्या आधीच म्हणाला, "मानलं त्यांनी, भाऊजी. फक्त एकच अडलंय." यांच्यात रीत अशी की दुरुस्ती करणाऱ्यानं आपल्याच तोंडानं झालं म्हणायचं नाही. ज्याची तक्रार, त्यानं वापरून बघायचं आणि ठीक झालं म्हणून सांगायचं. तेव्हाच तक्रार बंद होते. मी म्हटलं, "मग कळव की त्यांना, ती नाही म्हणून." "ते मला लिहिता येत नाही," म्हणाला आणि चष्मा पुसत राहिला. "तिच्या वतीनं तुम्ही बघा. तुम्ही सांगा."

हिच्या खुर्चीत मी त्या दिवसापासून बसलो नव्हतो. बसलो. त्यानं नवा एडिटर घातला, हिचं एक भजन उघडलं आणि अक्षरं मोठी केली. एकट्यानं, दोन्ही बटणं एकाच हातानं, पटकन. मग बंद करून परत उघडलं. अक्षरं मोठीच. "आता रोज करावं लागणार नाही कोणाला," तो म्हणाला. मला असा संताप आला! "कोणी सांगितलं होतं तुला इतकं सुधारायला? करावं लागायचं म्हणून तर ती मला हाक मारायची!" त्यानं हळूच विचारलं, "काढून टाकू का?" आणि मी हो म्हटलं असतं तर त्या शहाण्यानं खरंच काढून टाकलं असतं, सगळ्या जगातून. मी पडद्याकडे बघत बसलो. चष्म्याशिवाय वाचता येत होतं. मनात आलं, असेल कुठेतरी अशीच एखादी, वाकड्या बोटांची, आणि तिच्या घरात दुसरं बटण दाबायला कोणी नसेल. "राहू दे," मी म्हटलं. "ठीक झालंय. लिही त्यांना." त्यानं लिहिलं. काय लिहिलंस म्हणून विचारलं तर वाचून दाखवलं: "बघितलं. बरोबर चालतंय." एवढंच. मग हात मांडीवर ठेवून बसला, काम संपलेल्या माणसासारखा. चहाला नको म्हणाला. दारात "येतो, भाऊजी," म्हणाला खरा, पण जिना उतरताना त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवलं आणि मी कंप्युटर उघडून त्या एडिटरमध्ये दोष शोधायला बसलो, एका बोटानं. दुनियाभरचे हुशार लोक इतकी वर्षं तेच करताहेत, मला कुठला सापडतोय? इकडे दाब, तिकडे दाब, दूध परत गार झालं. खिडकीतलं ऊन टेबलावर आलं तेव्हा कुठे एक सापडला. मी एक अक्षरही ठेवलं नव्हतं, दोन टाकली होती ती खोडलेली, आणि बंद करायला गेलो तर एडिटर मला विचारतो, हे जपून ठेवायचं का? लगेच फोन लावला. म्हटलं, "तुझ्या एडिटरमध्ये गडबड आहे." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "काय गडबड, भाऊजी?" "फोनवर नाही सांगणार. येऊन बघ. आणि येताना कोथिंबीर घेऊन ये, मी वरण-भात लावतोय." तो "आलोच" म्हणाला. मी फोन ठेवला आणि दोघांपुरते तांदूळ धुवायला घेतले.