शिवमच्या जीपची दुसरी बॅटरी

परतवाड्यात धारणी रोडला नत्थुजींचं दुकान आहे, गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं. भाऊ, पुतणे सगळे संत्र्यात नि भाजीपाल्यात रमले. एकटे नत्थुजी लहानपणी मळ्यातल्या इंजिनाभोवती घुटमळायचे, ते शेवटी वायरींतच गुंतले. माणूस कामाला पक्का, पण मताचा हट्टी. गाडीला एक बॅटरी पुष्कळ झाली, हे त्यांचं मत. ती बसलीच तर धक्का आहे की. गाडी धक्क्यावर उठवणं म्हणजे त्यांचा खास प्रांत. उतार असला तर एकट्यानंही जमतं, असं ते सांगायचे. उघड्या दारापाशी उभं राहून ढकलायचं, चाकं फिरली की उडी मारून आत बसायचं, गियर टाकून क्लच सोडायचा. चारचौघांत मोठ्या कौतुकानं करून दाखवायचे. त्यांचा मुलगा शिवम हे मिसरूड फुटायच्या आतच शिकला होता.

शिवम मोठा झाल्यावर जीपमधून पर्यटकांना मेळघाटात नेऊ लागला. मागे तंबूचं सामान, छोटा फ्रिज, छताला आतून दिव्याची लांब पट्टी, आणि सगळं एकाच बॅटरीवर. मागच्या हिवाळ्यात सेमाडोहच्या अलीकडे मुक्काम पडला. रात्रभर फ्रिज नि दिवे चालले आणि पहाटे गाडी हूं की चूं करेना. पर्यटक झोपलेले, त्यांना कशाला उठवा, असं त्याला वाटलं असावं. रस्त्याला उतार होता. बापानं शिकवलं तेच त्यानं केलं. दवानं ओल्या गवतावर पाय घसरला आणि मागचं चाक त्याच्या अंगावरून गेलं. जीप पुढे एका सागाला टेकून थांबली. तिला नुसतं खरचटलं होतं.

नत्थुजी कुणापुढं रडले नाहीत. तेरावं झालं आणि दुकान उघडलं. पण कुणी गाडी ढकलताना दिसलं की भर बाजारात ते पाठ फिरवून उभे राहायचे. घरात शिवमचं नाव निघालं की भरल्या ताटावरून उठायचे, म्हणून घरात ते नाव निघेनासं झालं. त्यात एक अडचण अशी झाली की बायकोला ते जन्मभर ‘शिवमची माय’ म्हणत आलेले. आता मनकर्णाला हाक तरी काय मारावी? ‘इकडं पाह्य’ म्हणून दिवस ढकलत होते. जीप घरामागच्या शेडात ताडपत्रीखाली उभी होती.

सून रागिणी मात्र रडून झाल्यावर डोकं ताळ्यावर ठेवून कामाला लागली. गाडी तिला शिवमनंच शिकवली होती. एक दिवस ती दुकानात येऊन उभी राहिली.

“मामाजी, सेमाडोहचं बुकिंग घेतलं मी. बायाबायाच हायेत. गाडी मी चालवीन.” जरा थांबून म्हणाली, “मले धक्का नका शिकवू. दुसरी बॅटरी लावून द्या.”

ते वाक्य नत्थुजींच्या वर्मी बसलं. ‘लावू’ एवढंच म्हणून त्यांनी मान खाली घातली.

दुसरी लावायची तर आधी पहिली धड पाहिजे. त्यांनी जुनी बॅटरी चार्ज करून बसवली. दोन-चार दिवसांत ती उतरली. नवी आणून बसवली, तीही उतरली. म्हणजे कुठंतरी करंट गळत होता. गळती शोधणं हे तर त्यांचं रोजचं काम. त्यांनी एकेक वायर उसवली, दुपारभर मीटर लावून बसले, पण काटा जागचा हलेना. दुपारी सगळं चोख, आणि चार दिवसांनी सकाळी पाहावं तर बॅटरी ठार. एका सकाळी ड्रायव्हरच्या सीटवर कुणी बसून उठल्यासारखा खळगा दिसला. नत्थुजी पाना तिथंच टाकून बाहेर आले. पोरगा गाडी हलू देत नाही, हे त्या दिवशी त्यांच्या मनानं घेतलं.

“गाडी इकून टाक,” त्यांनी रागिणीला सांगितलं.

“काहून?”

“त्याले पटून नाही राह्यलं.”

रागिणी जवळ आली. “त्याले पटत नसतं तर त्यानं मले गाडी शिकवली असती का? आन इकल्यावर मी काय करू, मामाजी? जलमभर त्याच्या फोटोसमोर बसू?”

तरी गिऱ्हाईक बघायचं नत्थुजींनी मनात पक्कं केलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी परतवाड्यातली लाईट गेली. एरवी जेवणवेळेपर्यंत दुकानात असणारे नत्थुजी दिवेलागणीलाच घरी आले. घरात कुणी नव्हतं. मागच्या अंगणात गेले आणि थबकले. ताडपत्री आतून उजळली होती. स्टिअरिंगमागे कुणीतरी बसलेलं होतं, त्याची सावली ताडपत्रीवर पडली होती.

“शिवम,” ते म्हणाले. वर्षभर अडवून धरलेलं नाव आपसूक तोंडातून निघालं. “माह्यं चुकलं रे, बापा. मी तुले तसं शिकवाले नको होतं.”

सावली हलली. ताडपत्री बाजूला सारून मनकर्णा खाली उतरली. तिचे डोळे भरले होते.

“तू इथं काय करून राह्यली?”

“देवापाशी दिवा लावला का मंग इथं लावत असते. पोरगं अंधारात गेलं आपलं. सकाळी उठल्याबराबर बंद करते. घरात त्याचं नाव काढाची सोय नाही, मंग इथं येऊन बोलते त्याच्यासंगं.”

“बॅटरी उतरते न त्यानं.”

“इतकासा दिवा,” मनकर्णा म्हणाली. “तो असा किती खाते?”

तिच्या लेखी ती समईच होती. पण किल्ली फिरवल्याशिवाय छताची ती दिव्याची पट्टी पेटत नसे, म्हणजे रात्रभर अर्धी जीप जागी राहायची. अवघ्या तालुक्याच्या गाड्यांची गळती शोधणाऱ्या माणसाच्या घरातली गळती ही होती. नत्थुजींना रागावता येईना की हसता येईना. “शिवमची माय,” ते म्हणाले आणि मटकन पायरीवर बसले. मनकर्णा शेजारी टेकली. मग दोघंही पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही. मागच्या सीटखाली लोखंडी चौकट बसवली, तीत नवी बॅटरी पट्ट्यानं आवळली. पुढून जाड लाल केबल नळीत घालून आणली, दोन्ही टोकांना फ्यूज टाकला, मधे रिले जोडला. इंजिन चालू असेपर्यंत दोन्ही बॅटऱ्या एकत्र भरायच्या. ते बंद झालं की एकमेकींपासून सुटायच्या. फ्रिज, मोबाईल, ती पट्टी, सगळं मागच्या बॅटरीवर. पुढची फक्त गाडी उठवायला. रागिणी पाने देत होती नि नीट बघत होती. नत्थुजी प्रत्येक जोड ओढून बघायचे आणि काय केलं ते समजावून सांगायचे, पण रागिणीला नाही, ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटला. रागिणीच्या ते लक्षात आलं. ती पुढचा पाना देत राहिली.

“आता खुशाल रातभर लाव,” काम संपल्यावर ते मनकर्णाला म्हणाले. “मांगची उतरली तरी पोरीची गाडी थांबत नाही.”

बुकिंगच्या दिवशी रागिणी गेली. जंगलात फोन लागत नाही हे ठाऊक असूनही दोघं त्या रात्री फोनजवळच आडवी झाली. नत्थुजींचा डोळा लागला नाही. ऊन अंगणात आल्यावर फोन वाजला. गाडी उठली नसेल, रेंज सापडेल तिथवर रागिणी चालत आली असेल, असं त्यांना वाटलं, तर ती जीपमध्येच होती.

“मामाजी, रातभर फ्रिज चालू होता, दिवेबी चालू होते. पहाटे एका सेलात उठली. आताबी ऐका.” तिनं इंजिन बंद केलं, पुन्हा सेल मारला. जीप लगेच चालू झाली.

“बंद कर,” नत्थुजी म्हणाले. “परत लाव.”

ती परत चालू झाली.

“आता परत.”

रागिणी बंद करत होती, चालू करत होती. नत्थुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फोन त्यांनी कानाशी दाबून धरला होता.

“अजून एक डाव, राजा,” ते म्हणाले. “अजून एक डाव लाव.”

मनकर्णानं त्यांच्या हातातून हळूच फोन घेतला.

“सोडा आता त्याले,” ती म्हणाली. “पोरीले निघू द्या.”