वाट मोकळी, हवा बरी

माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, दुसरा दरवाजा कुठे आहे हे पाहिल्याशिवाय आयुष्यात कधी कुठे खाली बसलेले नाहीत, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. कन्हानकडच्या एका कोळसा खाणीत त्यांनी चौतीस वर्षं सर्व्हेअर म्हणून काढली. जमिनीखालच्या खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यातच, आणि दुसरी वाट रोजच्या वापरात नसली तरी ठरल्या दिवशी कुणीतरी ती स्वतः चालून पाहायची आणि रजिस्टरात तशी सही करायची, असा तिथला नियम. निवृत्त होताना माणसं नोकरीतले नियम ऑफिसात ठेवून येतात. मामा ते घरी घेऊन आले.

सक्करदऱ्यातल्या त्यांच्या घराचं मागचं दार शेजाऱ्यांच्या अंगणात उघडतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मामा त्या दारातून बाहेर पडतात, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून जातात, त्यांना जय भीम घालतात आणि गल्लीला वळसा मारून पुढच्या दाराने घरात येतात. शेजारी आधी जरा बिचकायचे, आता त्या दिवशी चहाचं आधण जास्त ठेवतात. मामांच्या खिशात दोन चष्मे असतात. पॅन्टला पट्टा असतो, आणि पट्टा तुटला तर म्हणून आतून नाडीही असते. ती शिवून घेताना शिंप्याला काय काय समजावलं हे मामा सांगत नाहीत, पण तो शिंपी आता त्यांचा फोन उचलत नाही. आमच्या लग्नात भन्तेजी आसनावर बसले, आम्ही दोघं हात जोडून बसलो, आणि तेवढ्यात मामा हॉलच्या मागच्या दाराकडून परत आले ते सांगत, की केटररने तिथे पातेली रचून ठेवली आहेत, ती हलेपर्यंत वंदना सुरू होणार नाही. सोळा पातेली हलवली गेली. भन्तेजींनी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे ते शांत होते की कंटाळले होते हे शेवटपर्यंत कळलं नाही. मामी तेव्हा माझ्या आईला एवढंच म्हणाल्या, "माह्या माहेरी जायचे दोन रस्ते शोधून ठेवले आहेत यायनं. तीस वर्षांत एकानंही नेलं नाई."

अशा माणसाला लॅपटॉप निवडायला सोबत न्यावं, हे मला सुचलं नव्हतं. ते माझ्या बायकोला, वैशालीला, सुचलं. मी नोकरी सोडून घरी बसून भाषांतराचं काम करायचं ठरवलं होतं. ऑफिसने दिलेला लॅपटॉप परत करावा लागला. आता सगळा संसार ज्या यंत्रावर उभा राहणार, ते निदान जाणत्या माणसाला विचारून घ्यावं, असं तिचं म्हणणं. मामांना कंप्युटर कळतोच. खाणीचे नकाशे कागदावरून कंप्युटरवर आले तेव्हा वयाच्या पन्नाशीत तो त्यांनी शिकून घेतला होता. मला मात्र पातळ, हलका, चंदेरी असा काहीतरी हवा होता, कॅफेत बसून उघडला तर शोभेल असा. तसे सीताबर्डीतल्या दुकानांत खूप होते. मामा प्रत्येक दुकानात फक्त एक प्रश्न विचारत, की हा बंद पडला तर काय करायचं. विकणारा मुलगा हसून म्हणायचा की सर, हा बंद पडतच नाही. मामा हातातली वही मिटायचे आणि बाहेर पडायचे. अशी सहा दुकानं झाली. सातवं लकडगंजात, एका लाकडाच्या वखारीला लागून होतं. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने प्रश्न ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बंद तर सगळेच पडतात, साहेब. मले पंचवीस वर्षं झाले, बंद न पडणारी मशीन अजून दुकानात आली नाई." मामांनी वखारीच्या बाजूचं दार उघडतं का ते पाहून घेतलं आणि लॅपटॉप तिथेच घेतला. तो काळा, जाड आणि चांगला वजनदार होता. पाठीवरचे सगळे स्क्रू उघडे दिसत होते. वैशालीच्या आईला तो पहिल्यांदा जेवणाचा डबाच वाटला.

पुढच्या रविवारी मामा आमच्या घरी आले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. तर्री पोहे खाऊन ते कामाला बसले. लॅपटॉपवर सगळ्यांकडे असते ती नेहमीची सिस्टीम होतीच. मामांनी आतली जागा बरोबर मधोमध कापली आणि दुसऱ्या अर्ध्यात लिनक्स टाकली. ती फुकट मिळते, कुणाच्या मालकीची नाही, आणि मामांच्या मते त्यामुळेच तिचं वागणं बरं. आता लॅपटॉप सुरू केला की आधी पडद्यावर दोन ओळी यायच्या, कोणत्या वाटेने जायचं ते विचारायला. मी म्हटलं, मामाजी, दुसरीला एवढी जागा कशाला, कोपऱ्यात थोडी पुरे. मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "वाट रुंद पायजे, जवाईबापू. वेळ आली तं माणसाले धावता आलं पायजे."

तेव्हापासून पहिल्या रविवारी त्यांच्या घरच्या तपासणीनंतर माझ्या लॅपटॉपची तपासणी सुरू झाली. दहा वाजता मामा-मामी यायचे. मामी स्वयंपाकघरात वैशालीजवळ बसायच्या. मामा लॅपटॉप बंद करायला लावायचे, घड्याळ काढायचे, दुसऱ्या वाटेने तो सुरू करायचे, मी करत असलेलं काम तिकडून उघडतं का पाहायचे, नवं पान घेऊन त्यावर एकच ओळ लिहायचे आणि लॅपटॉप बंद करायचे. ती ओळ मग मामांनी घरच्या तपासणीसाठी ठेवलेल्या रजिस्टरातही जायची: वाट मोकळी, हवा बरी. खाणीत हवेचीही नोंद करावी लागते. लॅपटॉपमध्ये हवेचं काय, असं मी एकदा विचारलं, तर मामांनी त्याचा पंखा ज्या जाळीतून वारा सोडतो तिथे तळहात धरून दाखवला. या सगळ्याला चार मिनिटं दहा सेकंद लागायचे. चारला आटोपलं तर ते पुन्हा करायचे.

सात-आठ महिन्यांनी मला पहिलं मोठं काम मिळालं. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीची तीनशे पानांची माहितीपुस्तिका होती. सहा आठवड्यांनी, सोमवारी दुपारी बारापर्यंत, पूर्ण द्यायची. वेळेवर गेली तर त्यांचं वर्षभराचं काम माझ्याकडे येणार होतं. नाही गेली तर जुन्या ऑफिसात जाऊन साहेबांपुढे उभं राहणं आलं, आणि ते साहेब मी निघताना जे हसले होते ते मला अजून दिसत होतं. पुस्तिकेतली यंत्रांची चित्रं अवजड होती, जागा पुरेना, आणि अर्धी जागा तर त्या दुसऱ्या वाटेने अडवून ठेवलेली. आठ महिन्यांत तिच्यावाचून एकदाही अडलं नव्हतं. मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून ती अर्ध्या तासात काढून टाकली. चित्रांना त्यातली थोडीशीच जागा लागली. उरलेल्या जागेत मी क्रिकेटचे जुने सामने भरून ठेवले. हे वैशालीलाही सांगितलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी आजारी पडायचं ठरवत होतो, पण तशी गरज पडली नाही. मामांचा गुडघा सुजला होता. ते खाली चौकीदाराच्या खुर्चीवर बसून राहिले आणि रजिस्टर माझ्या हातात देऊन म्हणाले की आज तुम्हीच चालून पाहा आणि सही करा. निवृत्तीनंतर घरी सुरू केलेलं ते रजिस्टर त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नव्हतं, हे मामींनी मला मागून सांगितलं. मी वर गेलो, पाणी प्यायलो, नेहमीची ओळ लिहिली, सही केली आणि खाली आलो. मामांनी घड्याळाकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं, बरं म्हणाले. मग वैशालीला जरा खाली पाठवा म्हणाले, मामींनी तिच्यासाठी लोणचं आणलं होतं. लोणच्याला ती बराच वेळ खाली राहिली.

पुस्तिका मी रविवारी दुपारी पूर्ण केली. सोमवारी सकाळी एकदा नजर फिरवून पाठवायची, असं ठरवून लॅपटॉप उघडला, तर त्याने आपलं काहीतरी अद्ययावत करायला घेतलं होतं आणि कृपया बंद करू नका अशी विनंती केली होती. मी बंद केला नाही. साडेआठला पस्तीस टक्के होते. साडेनऊला पस्तीस टक्केच होते. मग पडदा काळा झाला, मधोमध एक गोल फिरू लागला आणि फिरतच राहिला. बंद करून सुरू केला, तरी गोलच. काम नेटवर साठवून ठेवतो असं मी सहा आठवडे रोज म्हणत होतो. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं की तीन दिवस लागतील आणि आतलं वाचेल असं तो आत्ता सांगू शकत नाही. दहा वाजले होते. वैशालीने मामांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. दुसरी वाट काढून टाकल्याचं सांगितलं, खोट्या सहीचं सांगितलं, क्रिकेटचंही सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुरीच्या डाळीच्या डब्यात पाहा. मी निघून राहिलो."

डब्यात, डाळीच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेनड्राइव्ह होता. त्यात रविवारी संध्याकाळपर्यंतचं माझं सगळं काम होतं. मी वैशालीकडे पाहिलं. गेले तीन आठवडे मी संध्याकाळी फिरायला गेलो की ती रोज त्यात नक्कल करून ठेवत होती. मामांनी लोणच्याच्या दिवशी तिला तेवढंच सांगितलं होतं, आणि मला बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

पावणेअकराला खाली ऑटो थांबला. मामांनी स्वतःचा लॅपटॉप पोटाशी धरला होता. आमच्याकडे बेचाळीस पायऱ्या आहेत. ते एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले. मी लॅपटॉप घ्यायला हात पुढे केला तर दिला नाही, आधाराला केला तर घेतला नाही. वर आल्यावर त्यांनी तो सुरू केला, त्यातल्याही दोन वाटांपैकी नेहमीप्रमाणे दुसरी निवडली, पेनड्राइव्ह लावला, आणि खुर्ची माझ्यासाठी मोकळी केली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पुस्तिका गेली. बारा वाजता पोचल्याचं उत्तर आलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते पाय मागे घेत म्हणाले की गुडघा दुखून राहिला, नंतर पडा.

मग मी विचारलं, तुम्हाला त्या दिवशी कळलं कसं. "चार मिनिटं दहा सेकंदाची वाट तुम्ही दोन मिनिटांत चालून आले," मामा म्हणाले. "त्यात बेचाळीस पायऱ्या."

तेव्हाच का नाही रागावलात, असं मी विचारलं. त्यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. नंतर त्यांनी जे सांगितलं ते वैशालीनेही कधी ऐकलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. दसऱ्याला घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीवर जायचं होतं, निघायची घाई होती, म्हणून त्यांनी दुसरी वाट न चालताच रजिस्टरात मोकळी लिहून सही केली. पुढच्या आठवड्यात मुख्य वाटेवर छत खाली आलं. मामा आणि सहा माणसं दुसऱ्या वाटेने निघाली, तर त्या वाटेत कुणीतरी जुन्या लाकडी टेकूंचा ढीग रचून ठेवला होता. रिकामी जागा दिसली की माणूस त्यात काहीतरी आणून ठेवतोच. अंधारात, हातांनी, दोन तास त्यांनी तो ढीग उपसला. सातही जण बाहेर आले. पण मोजणी करताना मामांची साखळी धरायचा जो माणूस होता, त्याचा उजवा हात त्या लाकडांखाली कायमचा गेला. "त्यानं कधी म्हटलं नाई, तू सही काहून केली," मामा म्हणाले. "मी वाट पाहत होतो, आज म्हणीन, उद्या म्हणीन. तो नाईच म्हणाला. मंग मी तुमाले काय बोलू?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन कुकर लावला. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं, की दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे तेव्हाच कळलं.

वर्षभराचं काम मिळालं, पुढच्या वर्षाचंही मिळालं. लॅपटॉप दुरुस्त झाला, क्रिकेटचे सामने गेले, आणि त्या जागेत मामांनी सांगितलं तसं, पण माझ्या हाताने, पुन्हा लिनक्स बसली. मामा मात्र त्या दिवसानंतर आमच्या पायऱ्या चढू शकलेले नाहीत. घरचं मागचं दार आता मामी चालून पाहतात. लॅपटॉपची वाट मी चालतो, पहिल्या रविवारी दहा वाजता, मामा फोनवर असताना. ते आधी विचारतात, "स्वतः चालून राहिले ना?" मी हो म्हणतो आणि सुरू करतो. रजिस्टर त्यांच्याकडेच असतं.

लॅपटॉप आता जुना झाला आहे. वैशाली नवा घे म्हणते, दुकानांतही पातळ, चंदेरी असे खूप आले आहेत. पण मी काही घेतलेला नाही. तपासणीला हल्ली पाच मिनिटं वीस सेकंद लागतात. तेवढा वेळ मामा फोन कानाला लावून थांबतात, बोलत काही नाहीत, नुसता श्वास ऐकू येतो. मी काम उघडतो, नवं पान घेतो, जाळीपाशी तळहात धरून वारा लागतो का पाहतो. मग त्यांना वाट मोकळी, हवा बरी असं सांगतो. ते बरं म्हणून फोन ठेवतात. म्हणून हल्ली मी ती वाट जरा सावकाशच चालतो.