घाटाखाली न चाललेला कूलर

माझ्या हातचा कूलर चालत नाही असं म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय, अशी माझी तीस वर्षं घमेंड होती. घाटावरच्या आमच्या शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका बोळात माझं दुकान. पत्रा कापायचा, पंखा बसवायचा, तीन बाजूंच्या जाळ्यांत वाळा भरायचा आणि त्यावर पाणी सोडायचं. होळी झाली की बजाजनगरहून कामगार पोरं यायची, चौघांत मिळून एक कूलर न्यायची. बाहेर अंगाची लाही होत असताना आत चादर ओढून झोपायची. तक्रार घेऊन कुणी आलंच, तर मी आधी त्यालाच झापायचो, "पाणी कोण घालणार? माझा बाप?"

हा तोंडाचा पट्टा घरातही चालायचा. आमच्या शहरात बी.एड.ला आलेल्या रत्नागिरीच्या मुलाशी लेकीनं लग्न ठरवलं, तेव्हा मी आकाशपाताळ एक केलं. आम्ही सिल्लोडकडची शेतकरी माणसं. हा ना आमच्यातला, ना आमच्या मुलखातला. नको ते बोललो. ती लग्न करून रत्नागिरीला गेली, आणि दोन वर्षं आम्ही बापलेक एका शब्दानं बोललो नाही.

मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणायचं, पहिलं बाळंतपण आईपाशी करायचं, ही आमची रीत. बायको रोज विचारायची, "आणायला कधी जायचं?" मी पेपरात तोंड खुपसायचो. शेवटी एप्रिलात तिनं पिशवी भरली. "तुम्ही बोलवणार नाय, अन् ती न बोलवता येणार नाय. मीच जाते तिकडं. बसा तुमचा ताठा कुरवाळत."

आठ दिवसांनी तिचा फोन आला. तिकडं लई उकडतंय, पोरीला झोप नाही, सगळं अंग घामोळ्यांनी भरलंय. मी फोन ठेवला आणि दुकानातला सगळ्यात चांगला पत्रा काढला. कारागिराला हात लावू दिला नाही. वाळासुद्धा स्वतः निवडला. ट्रकवर चढवताना शेजारच्या दुकानदारानं विचारलं, "लेकीसाठी का?" मी म्हणालो, "छट्! बायकोला उकडतंय." साफ खोटं बोललो.

कूलर पोचल्यावर तीन दिवसांनी दुकानातला फोन वाजला.

"अप्पा, तुमचा कूलर चालत नाही."

दोन वर्षांनी ऐकला तो आवाज. पण तोंड ते तोंडच. "माझा कूलर? बटण तरी दाबलंस का?"

"दाबलं. पंखा फिरतो, पाणी पडतं. गार काही होत नाही. उलट जास्तच उकडतं."

"कुणी हात लावू नका. मी येतो."

अवजारांची पिशवी घेऊन एसटीत बसलो. घाट उतरू लागलो तशी खिडकीतली इतका वेळ कोरडी असलेली हवा अंगाला चिकटायला लागली. तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण डोक्यात एकच, पंप गेला असणार.

लेक दारात उभी होती, चेहरा घामानं डबडबलेला. "या," म्हणाली. "कुठंय तो?" म्हणालो आणि थेट कूलरपुढं जाऊन बसलो. पंप ठणठणीत, मोटर ठणठणीत, वाळा छान भिजलेला. चालू केला तर तोंडावर कोमट, ओली हवा. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी. पुन्हा सगळं खोललं, पुन्हा जोडलं. दोन तासांत माझा सदरा पिळण्याजोगा झाला. चहा ठेवता ठेवता बायको सहज म्हणाली, "सकाळी धुतलेली साडी अजून ओलीच हाय बघा."

मी थबकलो. आमच्याकडं उन्हाळ्यात साडी वाळत घालून वळेपर्यंत खडखडीत होते. ओली राहते ती श्रावणात. आणि श्रावणात कूलर झाकून ठेवा, नुसती चिकचिक होते, हे तीस वर्षं गिऱ्हाइकांना मीच सांगत आलोय! अरे देवा, इथं भर उन्हाळ्यात आमचा श्रावण होता.

संध्याकाळी जावई आले. शाळेत भूगोल शिकवतात. मी म्हणालो, "ह्या हवेत आणखी पाणी मावायला जागाच नाय हो." "अगदी बरोबर, अप्पा," म्हणत त्यांनी नकाशांचं पुस्तक उघडलं. समुद्र शेजारी, म्हणून इथली हवा कायम पाण्यानं भरलेली. पावसाळी वारे सह्याद्री चढताना बहुतेक पाणी इकडंच टाकतात, आमच्या पठारावर येतं ते उरलंसुरलं. आमची जमीन उंच आणि समुद्रापासून लांब, म्हणून दुपारी भट्टी आणि पहाटे गारवा. इथं समुद्र हवेला ना फार तापू देतो, ना निवू देतो. मग पानं उलटत कुठं कुठं नेलं मला! दक्षिण अमेरिकेत एकाच डोंगररांगेच्या एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला वाळवंट. इराणात डोंगराआडचा कोरडा मुलूख. तिथं म्हणे घरांवर वारा पकडायचे मनोरे बांधतात आणि ती हवा खाली पाण्यावरून खेळवतात. म्हणजे माझ्याच धंद्यातली माणसं की! मी मॅट्रिक नापास, पण असा आनंद मला शाळेत कधी झाला नव्हता.

मग एकदम डोक्यात आलं. "जावईबापू, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"हो. ट्रकमधून उतरवला तेव्हाच."

"मग पोरीला फोन कशाला करू दिलात? इथं हा चालणारच नाही, असं सांगायचं होतं सरळ!"

ते खाली बघत म्हणाले, "तसं सांगितलं असतं, तर तुम्ही आला असता का?"

ज्याला दोन वर्षं शिव्या घातल्या, त्या पोरानं मला पुरतं ओळखलं होतं. डोळे भरून आले. लाज वाटली, आणि खरं सांगतो, लई बरंही वाटलं.

लेक चौकटीला टेकून पेपरानं वारा घेत होती. मी म्हणालो, "डॉक्टरीणबाईंना विचार अन् बॅग भर. आपल्या घरी चल. तिथं चालतो माझा कूलर."

ती रडली आणि हसलीसुद्धा. मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, "आणि हे?"

"हे म्हणजे? सुट्टी लागली की यायलाच पाहिजे. अन् घरी उतरायचं, लॉजवर नाय."