पणजोबांची तिथी शोधत वेनॅचीला

बाबा पुण्याहून अमेरिकेत बॉथेलला आमच्याकडे आले आणि जेटलॅग उतरायच्या आत म्हणाले, "आजोबांना शोधायला कधी निघायचं?" नायगारा नको, डिस्ने नको. त्यांना हवे होते त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा. तरुणपणी बोटीनं अमेरिकेला आले, वेनॅचीकडे सफरचंदाच्या बागेत कामाला लागले आणि पुढे पत्रं बंद झाली. बारा वर्षं काहीच खबर नाही म्हणून साताऱ्याला घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्यांचे अंत्यसंस्कार उरकले. तिथी ठाऊक नाही, म्हणून श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला. बाबांना खरी तारीख हवी होती आणि मला तर शाळेची सहल निघाल्यासारखं वाटत होतं.

लेबर डेच्या सुट्टीतल्या शनिवारी सकाळीच निघालो. हायवे टूनं जा, तोच देखणा आहे. गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, मात्र घाटाच्या अलीकडेच भरून घ्या. स्टीव्हन्स पास ओलांडला की गर्द झाडी विरळ होत जाते आणि उघडे, तपकिरी डोंगर लागतात. "अगं, हे तर वाईकडचे डोंगर," बाबा म्हणाले. लेव्हनवर्थला पार्किंग मिळेना, तेव्हा थालीपिठं गाडीतच खाल्ली. मोटेल आधी बुक करा. आम्ही केलं नव्हतं, त्यामुळे कळकट खोलीला दुप्पट भाडं पडलं.

वेनॅचीजवळ रस्त्याकडेच्या फळांच्या दुकानात माझ्या नवऱ्यानं, मंदारनं, पणजोबांचं नाव सांगून सहज विचारलं. दुकानातली आजीबाई बाबांच्याच वयाची.

"गोविंद? तो आमच्याच बागेत होता," ती म्हणाली. "मी त्याच्या शिडीखाली खेळायचे. लग्नाचं विचारलं की सांगायचा, बायको आहे, इंडियात."

मी आनंदानं मंदारचा दंडच पकडला. बाई लगेच तिच्या पिकअपमधून पुढे निघाली आणि आम्हाला थेट दफनभूमीत घेऊन गेली. साधा दगड, त्यावर पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि खाली 'सातारा, इंडिया'. "सापडले, यार," म्हणत मंदार फोटो काढत सुटला.

बाबा मृत्यूचं साल पुन्हा पुन्हा वाचत होते.

"म्हणजे ते इथे सफरचंदं खात होते आणि आपण तिकडे त्यांना पिंड देत होतो," मी हसत म्हटलं.

बाबा हसले नाहीत. गवतावर बसले. "मी मॅट्रिक झालो त्या वर्षी आजी गेली. हे त्याच्याही नंतर गेलेत. त्या पुतळ्यापायी तिनं कुंकू पुसलं गं. अख्खा जन्म तशीच राहिली."

थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "आजी सवाष्ण गेली."

परतताना टपभर सफरचंदं घेतली, चवीला अफलातून. घरी इंटरनेटवर तिथी चटकन निघाली, पण बाबांचं लक्ष आता दुसरीकडेच होतं. पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. त्या दिवशी शेजारच्या नागपूरच्या काकूंना जेवायला बोलावलं, हिरव्या साडीनं त्यांची ओटी भरली. पणजोबांनी पत्रं का थांबवली, ते कळलं नाही. त्यांचा मला अभिमान वाटतो आणि रागही येतो.

काकू गेल्यावर बाबांनी साताऱ्याला धाकट्या काकांना फोन लावला.

"हॉलमधला आजीचा फोटो खाली काढ," ते म्हणाले. "काच पूस आणि तिला कुंकू लाव."