चुकांना नावं ठेवणारे व्यंकटराव सर

औशात व्यंकटराव सरांइतकं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, असं खुद्द व्यंकटराव सर सांगत. लातूरच्या भूकंपानंतर लोक स्लॅबखाली पोरं पाठवायला भीत होते. तेव्हा या गृहस्थांनी धान्याच्या मोंढ्यामागं पत्र्याचं शेड ठोकलं आणि दारावर 'भूकंपरोधक इंग्रजी क्लास' अशी पाटी रंगवली. आत बसलं की डोक्यावर पापड भाजावा.

सरांचा लाडका धडा एकच, इंग्रजीत चुकांना किती नावं आहेत. मोठा, बावळट घोळ घातला तर ब्लंडर. हातातलं काम नासवलं तर बंगल. धरता धरता निसटलं तर फंबल. चारचौघांत नको ते बोललं तर गॅफ. इथवर ठीक, पण उदाहरणं त्यांना गावातलीच लागत. मलप्पा गवंड्याचा गिलावा म्हणजे बंगल. हणमंतरावांनी मयतीत जेवणाची चौकशी केली तो गॅफ. स्वतःचं उदाहरण मात्र वर्षभरात एकदाही सापडलं नाही.

निजामोद्दीन टेलरची नाझनीन फळ्यापाशी जरा अडखळली, तर सर तिला 'फंबल' म्हणायला लागले. मग सगळा क्लासच म्हणायला लागला. दोन महिन्यांत पोरीनं क्लास सोडला आणि अब्बांच्या दुकानात काजं करता करता अभ्यास केला.

बारावीला इंग्रजीत तालुक्यात पहिली तीच.

त्याच आठवड्यात लातूरच्या एका क्लासनं औशात शाखा उघडली. आपल्याकडं ज्याच्या बॅनरवर टॉपर, त्याच्याकडं गर्दी. सरांना नाझनीनचा फोटो मिळाला नाही तर शेडात कुत्रंही बसणार नव्हतं. सर हार, हलगीवाला, फोटोग्राफर आणि दहा-बारा पालक घेऊन टेलरच्या दारात हजर.

"बेटा, आपल्या क्लासचं नाव काढलंस," म्हणत त्यांनी हार पुढं केला.

निजामोद्दीननं मशीन थांबवली. "सर, पोरगी दोनच महिने आली व्हती की तुमच्याकडं."

"पाया तेवढ्यातच पक्का झाला, मियाँ."

"सर, एक विचारू?" नाझनीन म्हणाली. "दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव टाकलं, तर ते तुमच्या चारांतलं कोणतं?"

"अगं, आज आनंदाचा दिवस..."

"कोणतंच न्हाई, सर. ती चारी चुकून होतात. हे तुम्ही समजून-उमजून करायलात."

हलगी थांबली. सरांच्या हातात हार तसाच लोंबत राहिला. फोटोग्राफरनं विचारलं, "सर, काढू का न्हाई?"

सर हार गुंडाळून चालू लागले.

पालक तिथून निघाले ते थेट नव्या शाखेत नाव घालायला गेले. तिथल्या भिंतीवर अकरा टॉपर हसत होते. ते कुठले, कधीचे, त्या क्लासात किती दिवस बसले, हे एकानंही विचारलं नाही.