उन्हात धरलेला लॅपटॉप

कॉलेज रोडवरच्या दुकानात मी स्वस्तातला, पण इंजिनीअरिंग संपेपर्यंत टिकेल असा वापरलेला लॅपटॉप शोधत होतो. येवल्याचे एक पैठणी विणणारे काका लेकीसाठी तेच शोधत होते. लेकीने बॅटरी, कीबोर्ड, सगळं तपासून एक निवडला. काकांनी तो घडीच्या साडीसारखा दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि थेट दाराबाहेर निघाले.

"पप्पा, कुठं चालले?"

"दिव्याखाली सगळंच चांगलं दिसतं गं. खरा रंग उन्हातच कळतो."

उन्हात स्क्रीनवर काहीच दिसेना. दुकानदार हसू दाबत होता. काकांनी मान तिरकी केली, लेकीला जवळ ओढलं आणि एकदम खुलले.

"पण आपण दोघं यात लय भारी दिसतोय! घेऊन टाक."

ते गेल्यावर मीही माझ्या पसंतीचा लॅपटॉप उन्हात नेला. त्यात मी एकटाच दिसलो. तिथूनच अंबडला कंपनीत असलेल्या बाबांना फोन लावला.

"शिफ्ट सुटल्यावर या ना इकडे. लॅपटॉप घ्यायचाय."

"मला त्यातलं काय कळतं रे?"

"काही नाही, फक्त उन्हात धरायचा असतो."