कार्डावर दादांना पाचवा महिना

माझं माहेर शनिशिंगणापूरचं. हे सांगितलं की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि मीही तेच उत्तर देते: हो, आमच्या घराला दार नाही. चौकट आहे, चौकटीला पडदा आहे, कुत्री आत येऊ नयेत म्हणून खाली एक फळी आडवी लावलेली आहे. कपाटालाही कुलूप नाही. चोरी होत नाही का, हा लोकांचा दुसरा प्रश्न. त्याच्या वादात मी पडत नाही, कारण माझं दुखणं चोरीचं नाहीच. माझं दुखणं असं की आमच्या घरात कधीही, कुणीही, "काय चाललंय?" म्हणत आत येतं, आणि काय चाललंय ते खरोखरच ऐकायला बसतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे: तेल, काळे उडीद, रुईच्या पानांच्या माळा. मागे घर, आणि मध्ये पुन्हा पडदाच. घरात फोन एकच, तो दुकानाच्या फळीवर पडलेला. ज्याला लागेल त्याने उचलावा, बोलावं, ठेवावा. मी नगरला शाळेत शिकवते (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीचा कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो). मी पाठवलेला निरोप दादांच्या आधी चारजणांनी वाचलेला असतो. एकदा मी नुसतं "पोचले" असं लिहिलं, तर उत्तर आलं, "बरं झालं ताई, दादा जेवायला बसलेत." ते कुणी लिहिलं होतं हे आजवर कळलेलं नाही.

दादांना शुगर निघाली. दर पंधरवड्याला नगरला यायचा त्यांना कंटाळा. म्हणून त्यांचं आणि आईचं आरोग्य कार्ड काढायचं आणि फोनवरच डॉक्टरला दाखवायचं, असा घाट मी घातला. मला अशा गोष्टींतलं फार कळतं, असं मला त्या वेळी वाटायचं.

मी मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. ओटीपी आला तो दुकानातल्या फोनवर. दादांनी तो ओरडून सांगितला. समोरच्या रसवंतीवाल्याने तो पुन्हा ओरडून सांगितला, कारण मला पहिल्यांदा नीट ऐकू गेला नसेल असं त्याला वाटलं. मग शेजारच्या काकूंनी पडद्यातून डोकं आत घातलं. "शेवटी सात हाय बरं का, एक न्हाई." मी तिघांचेही आभार मानले. ओटीपी कुणालाही सांगू नये, असा फलक आमच्या शाळेत मीच रंगवलेला आहे.

पुढचं पान दादांच्या फोनवर उघडलं, म्हणून मी उठून दुकानात गेले. त्यावर एक छोटंसं निळं कुलूप होतं आणि खाली लिहिलं होतं, "तुमची माहिती सुरक्षित आहे." दादांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला.

"हे काढ."

"दादा, चित्र आहे ते."

"चित्रातलं असलं तरी कुलूपच हाय. आपल्यात कुलूप लावत न्हाईत."

"पण मग तुमची माहिती कुणीही बघेल."

"बघू दे की! शुगर झालीय मला, दरोडा न्हाई घातला."

 शेवटी तोड निघाली ती अशी: दादांनी अंगठ्याने ते कुलूप झाकून धरलं, देवळाच्या दिशेने बघत "चूकभूल माफ कर" म्हटलं, आणि मी खालचं बटण दाबलं. फोनला पिनही लावायचा माझा बेत होता, तो विषय मी काढलाच नाही.

पहिल्या वेळी फोनवर एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. दादा उजेड चांगला म्हणून दुकानातच बसले होते. बाई म्हणाल्या, "आजोबा, नियमाप्रमाणे मला विचारावं लागतं. फोनवरून तपासणी करायला तुमची संमती आहे ना? आणि तुमच्याजवळ आत्ता आणखी कुणी आहे का?"

दादांनी उत्तर देण्याऐवजी फोन गोल फिरवून दाखवला. रसवंतीवाला, काकू, काकूंची सून, दोन गिऱ्हाइकं, आणि माळ घ्यायला आलेले साताऱ्याकडचे एक भाविक. सगळ्यांनी बाईंना नमस्कार केला.

"समदी घरचीच हायेत," दादा म्हणाले.

"डॉक्टर, माझ्या गुडघ्याचं पन बघा की," भाविक म्हणाले.

"त्यांची वेगळी नोंदणी करावी लागेल, आजोबा."

"पाव्हणं हायेत वो. माझ्या नावावर घाला."

बाईंनी पुष्कळ समजावलं. दादांनी मान हलवली. पण त्या फोनवर रोज वेगळा डॉक्टर येई, आणि आमची आळी मात्र रोज तीच. मी नगरला परतले आणि पाठीमागे काय काय झालं ते मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

दिवाळीला गेले तेव्हा दादा म्हणाले, "कार्डावर काय काय आलंय बघ गं." अंगणात फराळ चालला होता आणि नेहमीची मंडळी होतीच. मी फोन उघडला. नोंदी सगळ्या इंग्रजीत. मग काय, मास्तरीणच मी, एकेक नोंद मराठीत करून खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"रुग्ण पुरुष, वय बहात्तर. साखर वाढलेली."

"ती माझी," दादा म्हणाले.

"उजवा गुडघा झिजलेला."

"पाव्हण्याचा."

"कानात किडा गेल्याची शंका."

रसवंतीवाल्याने हात वर केला. "निगाला तो. मुंगळा हुता."

"पाचवा महिना. लोहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात." याच्यापुढे डॉक्टरने एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

काकूंची सून तोंडाला पदर लावून आत पळाली. काकूंनी चकलीचा तुकडा मोडून दादांच्या हातावर ठेवला. "भावजी, आता जड उचलायचं न्हाई बरं." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादाही पोटावर हात फिरवून दाखवत होते. त्याच झोकात मी पुढची नोंद वाचली.

"पाळी जाऊन बारा वर्षं. आता तीन महिन्यांपासून पुन्हा रक्त जातंय. बोलणं मध्येच बंद झालं. लवकरात लवकर प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी."

हात वर करायला कुणी पुढे आलं नाही. मी अजून हसतच सगळ्यांकडे बघत होते. काकू म्हणाल्या, "त्या मशीनचं काय, काहीबी लिवतंय," आणि हसणं पुन्हा सुरू झालं. आई कडेला बसून माळा ओवत होती. तिची सुई पानात अर्धी जाऊन थांबली होती, आणि ती मान वर करत नव्हती.

नोंदीवरची तारीख सात आठवड्यांपूर्वीची होती.

मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. ज्या बाईने दुपारी दादांचा डोळा लागल्यावर फोन उचलून, भीत भीत, एका परक्या डॉक्टरला एवढं सांगितलं, आणि कुणीतरी आलं म्हणून मध्येच बंद केलं, तिचं ते बोलणं मी चकल्या खात अंगणात वाचून दाखवलं होतं. आणि लाजेच्या खाली भीती होती. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं म्हणजे कधीकधी काय असतं, ते मला माहीत होतं.

आईशी बोलायला जागा शोधणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं. स्वयंपाकघरात "आई, ते..." एवढं म्हणते तोवर काकू ताक मागायला आल्या. परसात गेलो, तर भिंतीपलीकडून रसवंतीवाल्याने विचारलं, "ताई, नेटवर्क शोधताय का?" शेताच्या बांधावर गेलो, तर एक शेळीवाला आमच्याबरोबर चालायला लागला आणि त्याने मला त्याच्या मुलीचे दहावीचे मार्क सांगितले. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं की आईला नगरला नेऊन नवा चष्मा करायचा आहे, आणि आम्ही एसटी पकडली.

गाडी भाविकांनी गच्च भरलेली होती. आईने एकदा पुढे, एकदा मागे नीट बघून घेतलं.

"ह्यात आपल्यातलं कोनी न्हाई," ती म्हणाली, आणि बोलायला लागली. परक्या पन्नास माणसांत तिला अगदी मोकळं वाटत होतं. किती दिवस झाले, किती जातं, कंबर कशी दुखते, सगळं सांगितलं. गाडीचा आवाज मोठा, म्हणून तीही मोठ्याने बोलत होती. घोडेगावला ड्रायव्हरने इंजिन बंद केलं तेव्हा ती नेमकी म्हणत होती, "आन् लुगड्याला लागतं गं!"

पुढच्या बाकावरच्या बाई वळल्या. "मला पन व्हतं बाई आसंच. दाखवून घ्या, भिऊ नका." आईने त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या पुढच्या थांब्याला उतरून गेल्या.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगनार कशावर? त्या फोनवर? तो फोन म्हंजी आपल्या गावचा पारच हाय. आन् तुझ्या दादांना सांगितलं आसतं, तर दुपारपत्तुर सोनई गावात कळलं आसतं." मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मला वाटलं, आपोआप ऱ्हाईल."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि गर्भपिशवीत दिसलेल्या गाठीचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. कॅन्सर तर नाही ना, एवढं बघून घेऊ, असं त्यांनी सरळ सांगितलं. आईने ते ऐकून फक्त पदर नीट केला.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "रिपोर्ट आठ दिवसांनी मोबाईलवर येईल. हाच नंबर ना?" तो दादांच्या फोनचा होता. आईचं कार्डसुद्धा मीच मोठ्या हौसेने त्या नंबरवर काढून ठेवलं होतं. म्हणजे तो रिपोर्ट तेल आणि उडदांच्या मध्ये, दुकानाच्या फळीवर येऊन पडणार, आणि माझी आई कशी आहे हे तिच्याआधी रसवंतीवाल्याला कळणार. आईने माझा हात घट्ट धरला.

"माझा नंबर घाला," मी म्हणाले.

"बदलता येईल की. जुन्या नंबरवर ओटीपी जाईल, तेवढा सांगा."

मी कपाळाला हात लावला. दादांना फोन केला तर मागे गिऱ्हाइकांचा गलका, आणि दादा नेहमीच्या पट्टीत, "बोल गं! चष्मा झाला का?" आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"अवो, आता एक आकडा यील. तो मला सांगा. कशाचा ते इचारू नका. आन् वरडू नका. माझं काम हाय."

पलीकडे गलका हळूहळू कमी होत गेला.  मग फुंकर मारल्यासारखा आवाज आला.

"काय?" आई म्हणाली.

पुन्हा फुंकर. दादा कुजबुजत होते. जन्मात कधी कुजबुजलेले नसल्यामुळे ते त्यांना येत नव्हतं. काउंटरवरच्या मुलीनेही कान लावला. चौथ्या वेळी आकडे पुरे झाले. पुढे रसवंतीवाल्याने मला सांगितलं की दादा गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून आत गेले होते, आणि तेलाच्या डब्यांमागे, डोक्यावर उपरणं घेऊन बसले होते. त्याने अर्थातच तिथवर जाऊन बघितलं होतं.

रिपोर्ट आला तेव्हा मी शाळेत होते, मधली सुट्टी चालली होती. माझं बोट दोनदा त्याच्यावर गेलं. पण तो माझा नव्हता. अर्धी रजा टाकली, फोन पिशवीच्या तळाशी कोंबला आणि गाडीत बसले. त्या दिवशी घोडेगाव यायलाच तयार नव्हतं.

आई स्वयंपाकघरात होती. मी तिच्या अगदी जवळ बसले, तिला विचारून फोन उघडला आणि वाचलं. गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा. मग ती रडली, आणि मीही रडले, आवाज न करता, कारण आमच्या घरात रडण्याचा आवाज ऐकला की सात बायका येतात.

पडद्यापलीकडे कुणीतरी खाकरलं. "यिऊ का आत?"

दादा होते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पडद्याबाहेर उभे. गेले आठ दिवस त्यांनी आईला एक प्रश्न विचारला नव्हता, आणि आठ दिवसांत ते नीट जेवलेही नव्हते, हे मला नंतर कळलं. आईने त्यांना आत घेतलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं.  दादांनी उपरण्याने तोंड पुसलं, नाक शिंकरलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद आला की तो त्यांना एकट्याला पेलवेना. ते दुकानाकडे निघाले, पडद्यापाशी थांबले, आणि परत वळले.

"हे लोकांस्नी सांगू का?"

"न्हाई," आई म्हणाली.

त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. हे मी लिहिलं आहे ते आईला विचारून. ती दोन दिवस विचार करत होती. मग म्हणाली, "लिव्ह. एखादी बाई वाचंल आन् दाखवून घील. पन माझं नाव घालू नको." ते मी घातलेलं नाही.